डावीकडचा उजेड आणि मधली सुट्टी



स्मरणिकेसाठी लेख हवा असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाला वाटलं असेल की मी सहलीच्या नाहीतर गॅदरिंगच्या आठवणी लिहीन. त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या १९७६ च्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर एकच काम केलं. सरकारी दवाखान्यात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून लोकांचे नंबर काढले आणि दरवर्षी शाळाशाळांतून हिंडून मुलांचे डोळे तपासले. तेव्हा मी डोळ्यांचाच इतिहास लिहिणार. पण तो आपल्या शाळेतून निघतो आणि फिरून शाळेतच येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

आपले चित्रकलेचे सर आठवतात? वर्गात पाऊल टाकलं की आधी खिडक्या उघडायला लावायचे. मग सगळ्यांना बाकं अशी फिरवायला सांगायचे की उजेड डाव्या हाताकडून कागदावर पडेल. उजवीकडून उजेड आला की स्वतःच्याच हाताची सावली रेघेवर पडते, हे त्यांनी आपल्याला पहिल्याच तासाला दाखवलं होतं. (डावखुऱ्यांनी काय करायचं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.)

आणि कवायतीचे सर? मधल्या सुट्टीची घंटा झाली की ते छडी घेऊन व्हरांड्यातून निघायचे. वर्गात डबा उघडून बसलेल्या प्रत्येकाला कडुनिंबाखाली पिटाळायचे आणि दाराला बाहेरून कडी लावायचे. धो धो पाऊस असेल तेवढीच सवलत. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या हुशार मुलामुलींना त्यांचा फार राग यायचा. मीही त्यांतलाच.

दोन सरांचे हे दोन नियम. पहिल्याची मुळं दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत आहेत, हे मला नोकरीत आल्यावर समजलं. दुसरा नियम डोळ्यांसाठी किती मोलाचा होता, हे तैवानमधल्या एका शाळेने २०१३ साली जगाला दाखवलं. मधला सगळा काळ मोठमोठी डॉक्टर मंडळी काय शोधत होती, त्याची ही गोष्ट.

त्याआधी माझ्या बाकावरच्या सोबत्याबद्दल सांगतो. नाव लिहीत नाही. ज्यांना आठवेल त्यांना आठवेल. उंच म्हणून तो शेवटच्या बाकावर, आणि मी त्याच्या शेजारी. गोदामाशेजारची ती कोपऱ्यातली अंधारी खोली, सातवीचा वर्ग. तो फळ्यावरचं काही उतरवून घ्यायचा नाही, माझ्या वहीतून उतरवायचा. फळ्यावरचं वाचायला उभं केलं की गप्प राहायचा. सरांनी त्याला ‘ढ’ ठरवलं, आपणही ठरवलं. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची चौकशी मीही केली नाही.

नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. एका बाजारगावी आमचं तपासणी शिबिर होतं. आईला मोतीबिंदूसाठी घेऊन तो आला. मी त्याला ओळखलं, त्याने मला आवाजावरून ओळखलं. आईचं झाल्यावर गमतीने म्हटलं, “बस, तुझेही बघतो.” सहा मीटरवरच्या तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरसुद्धा त्याला लागेना. दोन्ही डोळ्यांना मायनस चारच्या वर नंबर निघाला. चाचणीच्या चौकटीत भिंगं घालून मी त्याला दारात नेलं. समोर एसटी उभी होती. त्याने पाटी वाचली, खालची लहान अक्षरंही वाचली. इतकी वर्षं तो लोकांना विचारून गाडीत चढत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “म्हणजे फळ्यावर खरंच काहीतरी लिहिलेलं असायचं होय रे?”

तो हसला. मला हसता आलं नाही. त्यानंतर या विषयाचं जे हाती लागेल ते मी वाचत गेलो.

लांबचं दिसत नाही म्हणजे नेमकं काय होतं, याचा उलगडा योहानेस केपलरने केला. आकाशातल्या ग्रहांचे नियम शोधणारा हाच तो केपलर. १६०४ साली त्याने दाखवलं की बाहेरच्या वस्तूचं चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर उमटतं. मायनस नंबरच्या डोळ्यात ते चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि अंतर्गोल भिंग ते मागे सरकवून पडद्यावर नेऊन ठेवतं. असं का होतं, तर बहुतेक वेळा डोळ्याचा गोल पुढून मागे जरा जास्त लांब वाढलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एक मिलिमीटरची भर पडली की अडीच-तीन नंबर झालाच समजा. वाढत्या वयात हा गोल वाढतो, म्हणून नंबर लागतो तो बहुधा शाळेच्या वयात आणि चढतो तोही त्याच वयात. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्मा चित्र जागेवर आणतो, पण डोळ्याची लांबी बदलत नाही. नंबर फार मोठा असेल तर ताणला गेलेला पडदा पुढे फाटण्याची किंवा सुटण्याची भीती असते. त्यामुळे हा चष्म्याच्या खर्चापुरता प्रश्न नाही.

पण डोळा जास्त लांब वाढतोच का? खरा वाद इथे आहे.

१८१३ साली जेम्स वेअर नावाच्या इंग्रज नेत्रवैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्याने दोन ठिकाणी चौकशी केली होती. राजाच्या पायदळ पलटणींत सुमारे दहा हजार शिपाई होते. अधू नजरेमुळे त्यांतून कमी केलेले किंवा भरतीत नाकारलेले लोक जवळपास वीस वर्षांत सहासुद्धा नव्हते. उलट ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात १२७ विद्यार्थ्यांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातातलं भिंग वापरत होते. शिपाई उन्हात आणि विद्यार्थी खोलीत, हा फरक या आकड्यांतच होता. पण त्यातून लोकांनी अर्थ काढला तो एवढाच की पुस्तक डोळे बिघडवतं.

पुढची गोष्ट ब्रेस्लाऊ शहरातली. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि व्रोत्स्वाफ म्हणून ओळखलं जातं. तिथे हेरमान कोन नावाचा तरुण नेत्रवैद्य होता. त्याच्या थोडं आधी, १८६२ साली, हॉलंडच्या उत्रेख्त शहरात हेरमान स्नेलेनने अक्षरांचा तक्ता तयार केला होता. वर मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. दवाखान्याच्या भिंतीवर आजही टांगलेला असतो तोच हा तक्ता. डोळ्यांच्या दोषांची नीट मांडणी करणारं फ्रान्स डोंडर्स यांचं मोठं पुस्तकही १८६४ साली आलं होतं. म्हणजे मोजायचं कसं हे ठरलं होतं, मोजायला माणूस हवा होता. कोनने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ साली निष्कर्ष छापले. एका तालुक्यातल्या शाळा तपासताना आमची जीप आणि चार माणसं दमून जायची, म्हणून हा आकडा वाचला तेव्हा मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

त्याला काय आढळलं? खेड्यातल्या शाळांत मायनस नंबरची मुलं १.४ टक्के. शहरातल्या प्राथमिक शाळांत ६.७ टक्के. कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या, लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या मोठ्या शाळांत २६.२ टक्के. शिक्षण वाढत जाईल तसा आकडा चढत होता. बोळ जितकी अरुंद, समोरची घरं जितकी उंच आणि वर्ग जितका अंधारा, तितकी अधू नजर जास्त, असंही त्याने नोंदवलं.

कोनने दोष दिला तो वाकून वाचण्याला, बारीक छपाईला आणि अपुऱ्या उजेडाला. मग त्याने आणि त्याच्या काळच्या इतरांनी शाळांचे नियमच घालायला सुरुवात केली. खिडक्यांच्या काचेचं क्षेत्रफळ जमिनीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकं हवं. प्रत्येक मुलाला बसल्या जागेवरून आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे. बाक मुलाच्या उंचीप्रमाणे हवं. आणि उजेड डावीकडून आला पाहिजे! आपल्या चित्रकलेच्या सरांनी कोनचं नावही कदाचित ऐकलं नसेल. पण पुस्तकांतून, प्रशिक्षणातून, एका गुरुजींकडून दुसऱ्या गुरुजींकडे असे नियम फिरत राहतात आणि कुठल्या कुठे जाऊन पोचतात.

पुढच्या पिढीने पुस्तकालाच शत्रू मानलं. मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून बाकाला लावायचे लोखंडी टेकू निघाले. १९०८ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागात मोठ्या नंबरच्या मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. तिथे मुलांच्या हाती पुस्तक जवळजवळ द्यायचेच नाहीत. तोंडी शिकवायचं आणि मोठ्या काळ्या फळ्यांवर खडूने भलंमोठं लिहून घ्यायचं. ‘वाचू नको, डोळे जातील’ असं आपल्या आया म्हणायच्या. लंडनने त्याच्यावर शाळाच काढली होती.

मग काटा एकदम दुसऱ्या टोकाला गेला. १९०९ साली लंडनमध्ये ॲमी बॅरिंग्टन आणि संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी म्हटलं की नजर ठरते ती प्रामुख्याने आनुवंशिकतेने, परिस्थितीचा वाटा नगण्य. १९६२ साली आर्नल्ड सॉर्स्बी यांनी जुळ्या भावंडांचे डोळे मोजले. एकसारख्या जुळ्यांचे नंबर फार जवळचे निघाले. वंशवाद्यांना आणखी काय हवं होतं? मी प्रशिक्षण घेतलं तेव्हाही हेच शिकवत होते. आईबापांना चष्मा असेल तर मुलाला लागणार, आपण फक्त बरोबर नंबर काढून द्यायचा. शाळेच्या खिडक्या आणि पटांगण या गोष्टी अभ्यासक्रमाबाहेर गेल्या होत्या.

यात पहिला खडा टाकला तो अलास्काच्या अतिउत्तरेच्या बॅरो या वस्तीने. तिथल्या इन्युइट कुटुंबांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. बर्फात शिकार करत वाढलेल्या जुन्या पिढीतल्या १३१ जणांपैकी मायनस नंबर फक्त दोघांना होता. शाळेत गेलेल्या त्यांच्याच मुलानातवंडांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तो निघाला. रक्त तेच, गाव तेच. एका-दोन पिढ्यांत आनुवंशिकता एवढी बदलत नाही.

दुसरा खडा प्रयोगशाळेतून आला. १९७७ साली टॉर्स्टन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडाच्या पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली. धड चित्र न मिळालेला तो डोळा लांब वाढला. पुढे कोंबडीच्या पिल्लांवरही तसंच दिसलं. म्हणजे डोळा काय पाहतो, यावर तो किती वाढायचा हेही ठरतं.

मग उजेडाचं काय? इथे एक फसलेला शोध सांगायला हवा. १९९९ साली ‘नेचर’ या मोठ्या नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ४७९ मुलांची पाहणी छापली. दोन वर्षांच्या आत जी मुलं अंधारात झोपत होती, त्यांच्यात मायनस नंबर १० टक्के. रात्रीचा बारीक दिवा लावून झोपणाऱ्यांत ३४ टक्के, खोलीतला मोठा दिवा लावून झोपणाऱ्यांत ५५ टक्के! वर्तमानपत्रांनी ते उचललं. आमच्या दवाखान्यातही आया विचारायला लागल्या की झिरोचा बल्ब काढून टाकू का. पुढच्याच वर्षी दोन वेगळ्या पाहण्यांत तसं काही आढळलं नाही. शिवाय असं दिसलं की ज्या आईबापांना स्वतःला चष्मा असतो, तेच मुलांच्या खोलीत दिवा जास्त लावतात. नंबर आला असावा आईबापांकडून, आणि नाव झालं दिव्याचं. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे विज्ञानाच्या बाई आपल्याला सांगायच्या, ते इथे आठवलं.

खरा दुवा सापडला तो २००७-०८ च्या सुमारास. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत असं निघालं की मैदानात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना नंबर कमी लागतो. ऑस्ट्रेलियात कॅथरिन रोझ, इयन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली, काही सिडनीत वाढणारी आणि काही सिंगापुरात. सिंगापूरच्या मुलांत मायनस नंबर २९.१ टक्के, सिडनीच्या मुलांत ३.३ टक्के. वंश एकच होता. आणि गंमत म्हणजे पुस्तकं जास्त वाचत होती ती सिडनीची मुलं! फरक होता बाहेरच्या वेळात. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन तास. खेळ मैदानी असो की नुसतं झाडाखाली बसणं असो, महत्त्व बाहेर असण्याला होतं.

बाहेर असं काय असतं? उजेड. तो लक्स या मापात मोजतात. चांगल्या वर्गात ३०० ते ५०० लक्स असतो, पुष्कळ वर्गांत त्याहूनही कमी. झाडाच्या सावलीत तो हजारांत जातो, उघड्या उन्हात लाखापर्यंत. आपला डोळा अंधाराला आणि उजेडाला इतका पटकन सरावतो की वर्ग आणि व्हरांड्याबाहेरचं जग यांत शंभर-शंभर पटींचा फरक आहे, हे आपल्याला जाणवतच नाही. मागच्या दिवाळीत मी शाळेत गेलो होतो. मोबाइलवरच्या मापकाने सहज मोजून पाहिलं. ते काही अचूक यंत्र नव्हे. तरी आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत आकडा शंभरापर्यंतही चढला नाही आणि कडुनिंबाखाली हजारांच्या पुढे गेला.

जर्मनीत २००९ साली कोंबडीच्या पिल्लांना रोज काही तास १५,००० लक्स उजेडात ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कृत्रिमरीत्या आणलेला मायनस नंबर मंदावला. प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामीन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असा आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. बाहेर नजर लांबवर जाते याचाही काही वाटा असू शकतो.

आता आपल्या कवायतीच्या सरांकडे येतो. तैवानच्या काओश्युंग भागात डॉक्टर वू पेइ-चांग यांनी जवळजवळच्या दोन शाळा घेतल्या. एका शाळेत नेहमीचाच दिनक्रम. दुसऱ्या शाळेत नियम एवढाच की सुट्टी झाली की वर्ग रिकामा करायचा, सगळ्यांनी बाहेर. दिवसाकाठी ही सुट्टी ८० मिनिटं भरत होती. वर्षभरात नेहमीच्या शाळेत १७.६५ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला, वर्ग रिकामे करणाऱ्या शाळेत ८.४१ टक्के. निम्म्याहून कमी! ना औषध, ना यंत्र, ना खर्च. २०१३ साली हे छापून आलेलं मी वाचलं आणि मला छडी घेतलेले आपले सर व्हरांड्यातून येताना दिसले. त्यांनी डोळ्यांसाठी काही केलं नव्हतं. पोरांनी हवा खावी, एवढाच त्यांचा हेतू. पण काम तेच झालं होतं.

चीनच्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर दिला. बारा शाळांतली ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनी जादा तास मिळालेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला होता, इतर शाळांत ३९.५ टक्के. फरक तैवानइतका नाही, पण नाकारण्याजोगाही नाही. त्याच वर्षी ईशान्य चीनमधल्या शाळांतली आणखी एक पाहणी आली. तिथे वर्गातला उजेड सुमारे १०० लक्सवरून ५०० पर्यंत वाढवला होता. त्या वर्गांत वर्षभरात ४ टक्के मुलांना नवा नंबर लागला, जुन्याच उजेडातल्या वर्गांत १० टक्के. म्हणजे कोन आणि आपले चित्रकलेचे सर चुकले नव्हते. वर्गातला उजेड महत्त्वाचा आहेच. फक्त सगळ्यांत मोठी खिडकी म्हणजे दार, हे त्यांच्या हिशेबात पुरेसं आलं नव्हतं.

हे सगळं सांगताना दोन गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर माझ्याच खात्यातले सहकारी कान पकडतील. एक, बाहेरचा उजेड नंबर लागू नये किंवा उशिरा लागावा म्हणून उपयोगी आहे. लागलेला नंबर उतरवण्याचं हे औषध नव्हे, आणि सूर्याकडे टक लावून बघणं तर धोक्याचंच. दोन, आनुवंशिकता खोटी नाही. माझा बाकावरचा सोबती आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त बाहेर असायचा. सकाळी गुरं, संध्याकाळी विटीदांडू. तरी त्याला नंबर लागला, कारण त्याच्या वडिलांनाही लांबचं दिसत नसे. हे त्यानेच मला शिबिरात सांगितलं. पटांगणाने त्याला वाचवलं नसतं. त्याला वाचवलं असतं ते एका तक्त्याने आणि सहा मीटर अंतर मोजणाऱ्या एका माणसाने. आपल्या शाळेत तेव्हा ते दोन्ही नव्हतं.

आज आपल्याकडे काय चित्र आहे? महाराष्ट्रातल्या शहरी आणि ग्रामीण मुलांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. मायनस नंबर शहरात सुमारे ३ टक्के, खेड्यात सुमारे दीड टक्का. खेड्याचा हा आकडा कोनच्या खेड्यांच्या आकड्याला जवळपास जुळतो. दिल्लीच्या शाळांतल्या जवळपास दहा हजार मुलांच्या पाहणीत २०१५ साली हे प्रमाण १३.१ टक्के निघालं. तिथेही दिवसाला दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत नंबर कमी होता. आणि हा रस्ता कुठवर जाऊ शकतो, हे बघायचं तर दक्षिण कोरिया आहे. सोल शहरातल्या १९ वर्षांच्या तरुणांच्या तपासणीत ९६.५ टक्क्यांना मायनस नंबर निघाला होता. आपण अजून त्या रस्त्याच्या सुरुवातीलाच आहोत. इथून वळता येतं.

आता मूळ मुद्दा. आपल्या बॅचच्या ग्रुपवर ठरलं आहे की सुवर्णमहोत्सवाच्या देणगीतून शाळेला डिजिटल वर्ग बांधून द्यायचा. मी माझा वाटा दिला आहे आणि कल्पनेला माझा विरोध नाही. पण जो नकाशा फिरतो आहे त्यात हा वर्ग पटांगणाच्या पूर्वेच्या बाजूला, कडुनिंबाच्या रांगेत दाखवला आहे. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून खिडक्या लहान आणि काळ्या काचांच्या. मधल्या सुट्टीला मुलांनी बाहेर थांबायची जी एकमेव सावली आहे, तीच यात जाते. सावली नसेल तर एप्रिलच्या उन्हात कोणती बाई मुलांना बाहेर काढेल? मग मुलं वर्गातच डबा खातील, आणि आपण हौसेने दिलेल्या पडद्यासमोर बसतील.

माझी विनंती एवढीच. वर्ग जुन्या इमारतीवर मजला चढवून बांधू. खर्च थोडा वाढेल, तो आपण उचलू. कडुनिंब राहू देत, शेजारी आणखी चार लावू. कोपऱ्यातल्या त्या खोलीची भिंत फोडून एक मोठी खिडकी काढू, डाव्या हाताला. मधल्या सुट्टीत वर्गांना कडी लावायचा नियम पुन्हा सुरू करावा, असं मुख्याध्यापक बाईंना आपण सर्वांनी मिळून विनवू. छडी नको, कडी पुरे. आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की एक आठवडा मी येईन. तक्ता माझा, टेप माझी. पाचवी ते दहावी, एकही मूल सोडणार नाही, शेवटच्या बाकावरचं तर नाहीच.

माझा सोबती या मेळाव्याला येणार आहे. मी स्वतः जाऊन त्याला बोलावून आलो. शाळा सोडलेल्याला माजी विद्यार्थी म्हणतात का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नववीपर्यंत माझ्या वहीचा निम्मा मालक तूच होतास. तो आला की त्याला पुढच्या रांगेत बसवा. आता त्याला मागूनही दिसतं, पण तरी पुढेच बसवा.